सीटबेल्टची उशी

धाकट्या जावेच्या, रुचाच्या, छातीतली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी सुईने गोठवून मारली आणि त्याच दुपारी तिने ऑफिसची मीटिंगसुद्धा केली, हे ऐकून आसावरीला आनंद व्हायला हवा होता. पण चार वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा अख्खा स्तन गेला होता, वर सहा केमो. मग ऑपरेशननंतर सीटबेल्ट टोचू नये म्हणून छातीशी धरायची आपली जुनी उशी घेऊन ती एडिसनला रुचाच्या घरी पोचली. “ठेव, लागेल.” रुचाने कुर्ता सरकवून इवलंसं बँडएड दाखवलं. “एवढंच आहे, ताई.” “नशीबवान आहेस बाई.” आसावरीने उशी परत घ्यायला हात पुढे केला, पण रुचाने ती कवटाळली होती. “तुमची गाठ काढून तरी टाकली. माझी मेली म्हणतात, पण आतच आहे. रोज चाचपते. हेवा वाटतो तुमचा.” आसावरीने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.