एक अकरांश

दाजींनी नारळ हातात धरून डोळे मिटले, तेव्हा देवळात साठेक माणसं होती आणि हापूसची एक पेटी. हंगामातली पहिली पेटी मुंबईला जाण्याआधी देवासमोर ठेवायची, गावच्या वतीने दाजींनी गाऱ्हाणं घालायचं आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी रीत. मागणी काय आहे ते ऐकायची रीत नव्हती.

अनुजा खांबाला टेकून बाबलीच्या ओठांकडे बघत होती. तिचा बाप बाबली दोन हात पुढे, जरा तिरका उभा होता, खांद्यावर चार वर्षांची नात, अनुजाच्या दादाची संचिता. दाजी आज आपला विषय काढणार, तेव्हा तोंड उघडायचं नाही, असं तिने सकाळीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

“गप रवाक काय लागता?” बाबली म्हणाला होता.

विषय असा की दाजींच्या पुतण्याने, देवेशने, पिऊन पिकअप चालवताना तिठ्यावर एका राखणदाराला चिरडलं होतं. माणूस नेपाळचा. सात वर्षं गावातल्या बागा राखत होता, त्यामुळे आता त्याला नाव विचारणं बरं दिसलं नसतं. सगळे बहादूर म्हणत. तो वीस मिनिटं जिवंत होता. तिठ्यावर अनुजासकट अकरा जण होते. अनुजा मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होती, आणि बघणारे जितके जास्त तितकी एकेकाच्या वाट्याची जबाबदारी कमी, हे तिच्या पुस्तकात छापलेलं होतं. एक अकरांश जबाबदारीत फोन लागत नाही. तिने शेवटी लावला, पण विसाव्या मिनिटाला. पोलिसांना जबाब देणारीही तीच एकटी. उरलेले दहा जण त्या वेळी चहा पीत होते, रस्त्याकडे पाठ करून. मंगळवारी कोर्टात तिची साक्ष होती.

पुस्तकात पुढे असंही होतं की सगळे एका सुरात बोलत असताना एक जरी माणूस वेगळा राहिला, तर दुसऱ्यालाही धीर येतो. तो एक माणूस तिला हवा होता. घरातला होता म्हणून बाबलीला घेतला.

दाजींनी आधी मोहोरावरचा तुडतुडा समुद्रापार करायला सांगितला. व्हय म्हाराजा. मग वाशीच्या बाजारात भाव चढता ठेवायला. व्हय म्हाराजा. मग वानरांची तोंडं बांधून घालायला. ह्या मागणीला आवाज सगळ्यांत मोठा आला.

मग दाजींनी घसा साफ केला.

“आणि ज्या कोणी गावची गोष्ट गावाभायर नेली, त्येच्या खळ्यात कोणी पाय ठेवचो नाय. त्येका कोणी विस्तू देवचो नाय. त्येच्या घरात कोण मेला तर खांदो देवक कोणी जावचो नाय, म्हाराजा.”

नाव घेतलं नाही. वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, आणि दाजी कायदा पाळणारे गृहस्थ.

बाबलीचे ओठ मिटलेले होते. शेजारची जानकी त्याच्याकडे बघून थांबली. ती दहांतली एक होती. बाबलीच्या दुसऱ्या बाजूला मंगेश थांबला. तोही. पदर सावरला गेला, कोणी खोकलं, आणि साठ माणसांपैकी एकानेही काही म्हटलं नाही. पुस्तक खरं ठरत होतं.

“व्हय म्हाराजा!” संचिता खांद्यावरून ओरडली.

तिला ते ‘पाणी’ म्हणायच्या आधीपासून येत होतं. एरवी गाऱ्हाण्यात तिने म्हटलं की मोठी माणसं गाल ओढायची. आज सगळे नुसते थांबले होते, तेव्हा आपली पाळी आली असं तिला वाटलं असावं.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, सुटल्यासारखे, आणि हसता हसताच म्हणाले, “व्हय म्हाराजा.” जानकी म्हणाली. मंगेश म्हणाला. बाबलीही म्हणाला, खणखणीत.

“बाबा,” अनुजा मागून म्हणाली.

“तोंडातना गेला गो,” बाबली मान न वळवता म्हणाला. संचिताचे पाय नीट धरत पुढे म्हणाला, “देवाक नाय कसा म्हणतलंय?”

नारळ फुटला. ताट घेऊन देवेश फिरू लागला. प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर गूळ-खोबरं ठेवत तो ओळीने आला, जानकीला दिलं, आणि बाबलीच्या पसरलेल्या तळव्यापुढून तसाच मंगेशकडे गेला. मंगेशने घेतलं आणि तो छताकडे बघत चावू लागला.

बाबलीचा हात तसाच पुढे होता. लोक बघत होते. त्याने हात मागे घेतला, रिकामा तळवा डोळ्यांना लावला, मग तोंडाशी नेला आणि चावायला लागला. अगदी सावकाश, गुठळी लागल्यासारखं.

“माका?” संचिता म्हणाली.

बाबलीने रिकाम्या तळव्यातून बोटांच्या चिमटीत थोडं काढलं आणि तिच्या तोंडात घातलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत चावत राहिली.

“गोड आसा?” त्याने विचारलं.

“गोड आसा,” संचिता म्हणाली.

मग तो अनुजाकडे वळला. चिमटीत अजून थोडं उरलेलं होतं.

“घे गो,” तो हळू आवाजात म्हणाला. “सगळी बघतत.”

अनुजाने खाली पाहिलं. तिचा उजवा हात पुढे आलेला होता.