उजवा कौल

डॉक्टर मधुवंती पडद्यावर कण्याचं चित्र मोठं करून पाहत होत्या, आणि समोर बसलेला बाळकृष्ण मनातल्या मनात देवाला विनवत होता, हाड जुळलेलं नसू दे.

कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. दुक्मच्या बंदरात कामावर असताना तो परांचीवरून पडला. मस्कतच्या इस्पितळात तेव्हा नव्या रोपणाची चाचणी चालू होती, तिच्यात त्याला घेतलं. दोन मणक्यांच्या मध्ये थ्रीडी यंत्रावर छापून काढलेला टायटॅनियमचा ठोकळा बसवला, घावण्यासारखा जाळीदार. त्या जाळीत हाड वाढायचं आणि दोन्ही मणके एकजीव व्हायचे. वाढलं तर बाळकृष्ण फिट, पुन्हा दुक्म. नाही वाढलं तर कंपनी त्याला कायमचं घरी धाडणार.

त्याला घरीच जायचं होतं. मस्कतमधल्या अल हैलच्या खोलीत पाठीवर पडून त्याने वर्षभर दुसरं काही मागितलं नव्हतं. बायको, रेखा, फोनवर रोज दिसायची. पण तिच्या हातच्या पेजेचा वास काही फोनमधून यायचा नाही. बरं, नोकरी सोडून येतो म्हणायला जीभ रेटत नव्हती. घराची सगळी भिस्त त्याच्यावर. हाडानेच परस्पर नकार कळवावा, एवढंच त्याचं म्हणणं.

रेखाचं मात्र उलटं. "हाड जुळांदे, मगे सगळा बरा होतला," हे तिचं पालुपद. आज सकाळी तर तिने गावच्या रवळनाथाला कौल लावला. गुरव देवाला पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होकार. "देवान उजवो दिल्यान!" ती फोनवर ओरडली होती. बाळकृष्णाला प्रश्न पडला. देवच फितूर झाल्यावर दाद मागायची कुणाकडे?

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"सॉरी, बाळकृष्ण. चाचणीतल्या इतरांना मोठ्या भोकांची जाळी बसवली, ती छान मानवली. तुमची बारीक होती, तिच्यात हाड शिरलंच नाही. चालाल, फिराल, पण जड काम आता खलास."

"खलास?" त्याने दोनदा विचारलं. चेहरा पाडून ठेवायला त्याला फार कष्ट पडले.

बाहेर आल्यावर मात्र रेखा आठवली. बिचारी देवावर हवाला ठेवून बसली होती. त्याने घाबरतच फोन लावला.

"हाड जुळूक नाय गो. घराक धाडतत माका. तुझो देव खोटो पडलो."

पलीकडे रेखा रडता रडता हसायला लागली.

"खोटो कित्याक पडात? हाडाचा मी इचारूकच नाय. मी इचारलंय, तुमी घराक येतल्यात काय?"