हिसाओची तिखट गाडी

लॉस एंजेलिस, १९४२. जपानी वंशाच्या लोकांना छावणीत नेणारी बस दुपारी येणार होती. हिसाओ बॅगा भरत असतानाच गल्लीतला वॉल्डो दोरखंड घेऊन अंगणात आला. मडगार्ड, छत उतरवून वेगवान, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘तिखट’ केलेल्या हिसाओच्या जुन्या फोर्डने कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीत वॉल्डोला दोनदा धूळ चारली होती. “छावणीत काय चालवणारेस, जपान्या? खटारा मी ओढून नेतो.” हिसाओने बॉनेट उघडलं. वर्षभर कानशीने घासून बसवलेलं, गाडीला तो वेग देणारं इंजिनचं हेड त्याने सोडवलं, फरशीवर ठेवलं आणि घण उचलला. “वेडा झालास?” वॉल्डो किंचाळला. “खटारा हवा होता ना तुला? घे!” पहिल्याच घावाला हेड तडकलं. वॉल्डो हात धरायला धावला, तसा हिसाओने घण त्याच्यावरच उगारला. पुढचे घाव वॉल्डोने डोळे मिटून ऐकले. त्या हेडची किंमत गल्लीत दोघांनाच ठाऊक होती.