चुकांची फाइल

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता, घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापन केंद्रातून, तिथे एकट्याने नोंदी घेणाऱ्या ढेबेमामांचा पावसाचा आकडा सलग तिसऱ्या दिवशी आला नाही. पुण्याच्या कार्यालयात मुक्ताने चुकांची फाइल प्रथमच उघडली.

नोंदी घेणारी संगणक प्रणाली तिनेच लिहिलेली. आकड्याच्या जागी अक्षरं आली तर काम अडू द्यायचं नाही, ती अक्षरं गुपचूप या फाइलमध्ये टाकायची आणि मामांच्या टॅब्लेटवर ‘नोंद मिळाली, धन्यवाद’ एवढंच दाखवायचं, अशी तिने सोय केली होती.

फाइलमध्ये वर्षभराची वाक्यं होती. ‘ताई, आज धुकं लई. दिवसभर माणूस दिसलं न्हाई.’ ‘तुम्ही रोज उत्तर देता, बरं वाटतं.’ शेवटचं रविवारचं होतं: ‘ताप उतरंना. कुणाला तरी धाडा.’

“न सांगता गावी गेला असेल म्हातारा,” शेजारच्या टेबलावरचे आगाशे म्हणाले.

“सांगितलंय त्यांनी,” ती म्हणाली. “मला.”

तिने जीप पाठवली. दीड वाजता ड्रायव्हरचा फोन आला. “रस्ता संपला मॅडम. इथनं दोन तासांची चढण. चालत निघतोय, पोचलो की फोन करतो.”

मुक्ता पहिल्या वाक्यापासून वाचत बसली. साडेपाच वाजता ती दिवाळीतल्या वाक्यांपर्यंत आली होती. फोन पुन्हा वाजला नव्हता.