दोन हजार जास्त

"सहा लाख दहा हजार डॉलर. त्याच्या पुढे मी जाऊच शकत नाही, डॅड," जनेल फोनवर म्हणाली.

"मग जाऊही नकोस," तिकडे ॲरिझोनातून वेंडेल म्हणाला. छपरांच्या धंद्यात तिथे त्याचं बरं चाललं होतं. "घटस्फोटात ते घर तुझ्या आईकडे गेलं, तिनं फुंकून टाकलं. आता विसर की ते!"

जनेलला ते विसरता येत नव्हतं. टॅकोमातल्या त्याच घरातून अकरा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण रॉबिन नाहीशी झाली होती. सतरा वर्षांची पोर. पळून गेली, असं वेंडेलनं सांगितलं आणि पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. कधी परत आलीच तर रॉबिन याच दारावर थाप मारणार. दार उघडायला घरचं कुणीतरी हवं, एवढंच जनेलचं वेड होतं.

एजंट योलांडानं तिच्या प्रस्तावात एक कलम घातलं. दुसरा खरेदीदार जे देईल त्याहून दोन हजार जास्त, पण ठरलेल्या कमाल आकड्यापर्यंतच. आणि भाव चढवायचा तर मालकानं त्या दुसऱ्याच्या प्रस्तावाचा कागद दाखवायलाच हवा.

सोमवारी सकाळी जनेलनं गाडी विकली आणि कमाल आकडा सहा लाख पंचवीस हजारांवर नेला. वडिलांना कळवलं नाही. उगाच बोलणी कोण खाणार?

दुपारी योलांडाचा फोन आला. "घर तुझं! सहा लाख तेरा हजारांना."

"म्हणजे दुसऱ्याचे सहा लाख अकरा?"

"हो ना. गाडी विकली नसतीस तर एका हजारानं गेलं होतं गं बाई! आणि मालकाला काय लोणी लावलंय त्यानं! मागच्या अंगणातली सांडपाण्याची नळी फुटलीय ना, ती बदलून नको म्हणे. उलट अटच घातलीय, व्यवहार होईपर्यंत अंगणाला कुदळ लावायची नाही."

"वेडाच दिसतोय."

"असेना का. तू काय करणार?"

"खोदणार. नळी नको का धड?"

कित्येक महिन्यांनी जनेल मोकळेपणानं हसली. आनंदानं तिनं आधी वडिलांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

मग तिनं योलांडानं पाठवलेला त्या दुसऱ्याचा कागद उघडला. रक्कम बरोबर होती. कुदळीची अट होती. खाली खरेदीदाराचं नाव होतं, वेंडेल प्रुइट.