खुर्चीची उंची

"रोज सकाळी खुर्ची उंच करून ठेवलेली. माझे पाय लोंबकळतात," दिवसपाळीची शिलाईवाली म्हणाली.

"मग मी काय गुडघे कानाला लावून शिवू?" रात्रपाळीच्या शिंप्याने विचारलं.

मध्यस्थ बाईंनी चष्मा पुसला. एकाच मशीनवर दिवसा ही, रात्री हा, आणि खुर्चीवरून तिसरी बैठक. नव्या कायद्याने कामगारांचे तंटे आधी मध्यस्थापुढे यायचे, तेही कामाच्या वेळेत, पगार न कापता. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी हे काम हौसेने घेतलं होतं आणि हे पहिलंच प्रकरण. आज मिटलं नाही तर कोर्टात जाणार, आणि तिथे हसं होणार ते बाईंचं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

मॅनेजर मात्र निवांत होते. "आमच्याकडे भांडणं कमी, अर्ज फार. पाळी बदलून द्या, पाळी बदलून द्या! मी वाचतसुद्धा नाही, सरळ टोपलीत."

चहा आला.

"यांना बिनसाखरेचा," शिलाईवालीने शिंप्याकडे बोट दाखवून बजावलं. "आधीच डोकं तापलेलं असतं."

तिला खोकला आला तसा शिंप्याने टेबलावरचा पंखा दुसरीकडे वळवला. बाईला वारासुद्धा मिळू देत नाही, मध्यस्थ बाईंच्या मनात आलं.

एक गोष्ट मात्र त्यांना उमगत नव्हती. भांडायला दोघं वेळेआधी हजर. तो भांग पाडून, ती ठेवणीतले कपडे घालून. आणि बैठक संपत आली की दोघांचे चेहरे उतरायचे. भांडणाची एवढी हौस त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

तशी त्यांना शाळाच आठवली. हाडवैर असलेल्या पोरांना त्या एकाच बाकावर बसवायच्या. चार दिवसांत पोरं एकमेकांचा डबा खायला लागायची.

"दिवसपाळीत यांच्या शेजारचं मशीन रिकामं आहे," बाई शिंप्याला म्हणाल्या. "तुम्ही तिथे या. खुर्ची वेगळी, पण दिवसभर शेजारी बसायचं. म्हणजे दोघांची खोड जिरेल. मात्र पाळी बदलण्याआधी कामगाराला विचारायचं, असं कायदा सांगतो. आहे तयारी?"

शिंप्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. शिलाईवालीने तोंडाला पदर लावला.

"दिवसभर? यांच्या शेजारी?" ती म्हणाली.

"विचार करावा लागेल," शिंपी म्हणाला आणि लगेच सही करून मोकळा झाला. पाठोपाठ तिनेही केली.

मॅनेजर कुरकुरले, पण मध्यस्थाचा निर्णय त्यांना मानावाच लागणार होता. बाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

"आता बाहेर जाऊन भांडू नका हं," त्यांनी दारातून दम दिला.

दोघं मान खाली घालून जिना उतरली. खालच्या वळणावरून शिलाईवालीचा आवाज वर आला.

"अहो, उद्यापासून घराची किल्ली कुंडीखाली ठेवायला नको."