चाकावरची जाळी

माझे वडील, आबा, कामाला होते त्या सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात दसऱ्याला लूमची पूजा होती. आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. चाकाला झेंडूचा हार घालता यावा म्हणून शेठनी चाकापट्ट्यावरची लोखंडी जाळी काढायला लावली. आरती झाल्यावर आबा ती परत बसवायला पाना घेऊन वाकले, तेव्हा शेठ हसत म्हणाले, "रहेवा दो, लोटूभाई. पूजलेल्या मशीनला आज पाना नाही लावायचा. काले, उद्या बसवू."

दुसऱ्या दिवशी कामाची पाळी सुरू झाली, तरी जाळी भिंतीलाच टेकलेली होती. पट्ट्याने आधी आबांची बाही ओढली, मग आबांना.

सहा वर्षांनी आबांच्या मृत्यूच्या खटल्यात कोर्टात माझी साक्ष झाली. शेठच्या वकिलांनी विचारलं, "बेन, लूमवर काम करणारा माणूस एवढी ढगळ बाही घालतो? हा त्यांचाच निष्काळजीपणा नाही का?"

आई मागच्या बाकावर बसली होती. तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

"तो शर्ट मी शिवला होता," मी म्हणाले. "माझा पहिलाच. बाही बेतताना चुकली होती आणि मला ते कळलंही होतं. तरी कामावर हाच घाला, असा हट्ट मी धरला. आबांचा त्यात काही दोष नाही. चूक माझी आहे, माझ्या नावाने लिहून घ्या. आता शेठना इथे उभं करा आणि त्यांची विचारा."